परीक्षा शिष्याची कीं शाळेची? पुण्याची दक्षिणा व विश्रामबागेंतील पाठशाळा यांवरून एक विचार

न्यायभाष्यकार वात्स्यायन यांनीं शास्त्राची प्रवृत्ति त्रिविध सांगितली आहे: उद्देश, लक्षण व परीक्षा. प्रथम पदार्थाचें नांव घ्यावें. मग ज्या धर्मानें तो इतरांहून वेगळा ओळखतां येतो तो धर्म सांगावा. आणि शेवटीं तें लक्षण त्यास लागू पडतें कीं नाहीं हें प्रमाणांनीं पाहावें. परीक्षेचें स्थान तिसरें आहे. विद्यालयांच्या इतिहासांत मात्र हा क्रम वारंवार उलटा झालेला दिसतो: परीक्षा आधीं येते, उद्देश मागाहून शोधला जातो, आणि लक्षण कोणी सांगतच नाहीं.

हल्लीं पदवी-महाविद्यालयांत मूल्यांकनाच्या आधारें अध्यापन सुधारण्याच्या योजना आंखण्याविषयीं बरीच चर्चा चालते. इ. स. १९९४ मध्यें राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन झाल्यापासून ती वाढली, आणि ‘अध्ययन-निष्पत्ति’ हा शब्द प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माथ्यावर येऊन बसला. शब्द नवा आहे. प्रश्न जुना आहे. पुणें शहरीं या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक इतिहास घडलेला असून तो योजना आंखणारांस उपयोगी पडण्यासारखा आहे.

आरंभ दक्षिणेपासून करावा लागतो. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा देण्याची चाल तळेगांवीं सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केली. इ. स. १७३१ च्या डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर ती पहिल्या बाजीरावानें पुण्यास चालविली. उत्तर पेशवाईंत तिचीं दोन अंगें स्पष्ट झालीं. नाणावलेल्या शास्त्र्यांचा सत्कार वाड्यांत योग्यतेप्रमाणें होई. इतर सर्व समुदायास पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत अल्प रक्कम वांटली जाई. पहिल्या अंगांत परीक्षा होती, दुसऱ्यांत केवळ गणति होती. तथापि दोन्ही अंगांत एक गोष्ट समान आढळते. परीक्षेचा निकाल रकमेच्या आंकड्यांत संपे. अमका वैयाकरण परिभाषेंत कच्चा ठरला, म्हणून त्याच्या गुरूच्या पाठांत काय बदलावें, हा विचार त्या व्यवहाराचा भागच नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, जुन्या काळीं परीक्षेकडून एवढीच अपेक्षा असे. तें तितकेंसें खरें नाहीं. मिथिलेंतील शलाका-परीक्षेची परंपरा पोथी-संग्राहकांस परिचित आहे. पोथींत सुई टोंचावी, ती जेथवर जाईल तें पान काढावें, आणि छात्रानें त्यावरील विषय उलगडून सांगावा, अशी ती पद्धति सांगतात. या परीक्षेचा मर्म असा कीं, कोणतें पान निघेल हें गुरूस वा शिष्यास आधीं कळत नाहीं; म्हणून गुरूस सर्व ग्रंथ शिकवावाच लागतो. म्हणजे या परीक्षेची घडण अध्यापनास वळण लावते. दक्षिणेच्या वांटपांत हा गुण नव्हता.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टन साहेबांनीं दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. कमी करून पुढें चालविली. त्याच द्रव्यांतून दक्षिणचे कमिशनर चॅप्लिन यांनीं ६ आक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. राघवाचार्य रामानुज हे मुख्य शास्त्री झाले. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, अलंकार, वेदान्त व वेद अशा शाखा ठेवून विद्यार्थ्यांस मासिक वेतन लावून देण्यांत आलें. येथें परीक्षा होत्या. परंतु पाठशाळेचा उद्देशच दुहेरी होता. जुन्या विद्वद्वर्गाचें समाधान राखणें हा एक, आणि उपयुक्त विद्येचा प्रसार हा दुसरा. उद्देश दोन असतील तर परीक्षाहि दोन पाहिजेत. एकच परीक्षा दोन्ही मोजूं लागली म्हणजे एका बाजूस पाठशाळा यशस्वी व दुसऱ्या बाजूस निरुपयोगी ठरते, आणि दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलतात. झालेंहि तसेंच. १८३० नंतरच्या दशकांत ही संस्था ठेवावी कीं मोडावी, येथवर सरकारांत वाद पोंचला.

इ. स. १८३७ मध्यें जें घडलें तें या लेखाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. पाठशाळा मोडली नाहीं. तिचा क्रम बदलला. मेजर कँडी यांच्याकडे देखरेख आली, कांहीं जुन्या शाखा कमी झाल्या, आणि देशभाषेच्या अभ्यासास स्थान मिळालें. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास आपली विद्या मराठींत सांगतां आली पाहिजे, हें लक्षण त्या क्रमांत उघड दिसूं लागलें. तें लक्षण कोणत्या प्रकारचें माणूस घडवूं शकतें याचें उदाहरण कृष्णशास्त्री चिपळूणकर. ते याच पाठशाळेंत शिकले, पुढें इंग्रजी शिकले, आणि व्याकरण, काव्य, तर्क या सर्वांस त्यांनीं मराठी वेष दिला. एका व्यक्तीवरून सिद्धान्त बांधूं नये हें खरें. परंतु उद्देश निश्चित झाल्यावर शिकविणें बदलतें, एवढें त्यावरून म्हणण्यास हरकत नाहीं.

इ. स. १८४९ मध्यें लोकहितवादी प्रभृतींनीं दक्षिणेचें द्रव्य मराठी ग्रंथरचनेकडे वळवावें असा अर्ज केला, तोहि याच दिशेचा. त्यांतून दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. इ. स. १८५१ मध्यें पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. तेंच १८६४ पासून डेक्कन कॉलेज. दक्षिणेच्या उरलेल्या द्रव्यांतून फेलो नेमण्याची चाल पडली. रानडे व भांडारकर हे दोघेहि दक्षिणा फेलो होते. फेलोनें स्वतः अभ्यास करावयाचा व खालच्या वर्गांस शिकवावयाचें, ही योजना आमच्या मतें फार विचाराची होती. नुकतीच परीक्षा दिलेला तरुण कोठें अडखळला होता हें त्याच्याइतकें दुसऱ्यास ठाऊक नसतें; तोच शिकवूं लागला म्हणजे परीक्षेचा बोध परत वर्गांत येतो. जुन्या दक्षिणेंत जें उणें होतें, तें याच दक्षिणेच्या द्रव्यानें कांहींसें भरून निघालें.

पुढें मात्र गाडी पुन्हां जुन्या चाकोरींत गेली. इ. स. १८५७ मध्यें मुंबई विश्वविद्यालय स्थापन झालें तें लंडनच्या धर्तीवर, म्हणजे केवळ परीक्षा घेणारें. शिकविणारें कॉलेज वेगळें, परीक्षा घेणारें मंडळ वेगळें. इ. स. १८६२ मध्यें रानडे, भांडारकर, वागळे व मोडक हे चौघे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांची योग्यता वादातीत आहे. परंतु व्यवस्थेचा दोष मराठीच्या बाबतींत तत्काळ दिसला. त्याच दशकांत वरच्या परीक्षांतून मराठी निघाली, आणि जें परीक्षेंत नाहीं तें वर्गांतूनहि गेलें. पाठशाळेनें १८३७ त जें लक्षण कमाविलें होतें तें एका नियमानें नाहींसें झालें. रानड्यांनीं त्यासाठीं अखेरपर्यंत खटपट केली, एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीस प्रवेश मिळाला तो १९०१ मध्यें, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीं. विश्वविद्यालयांस स्वतः शिकविण्याची मोकळीक १९०४ च्या कायद्यानें झाली.

या वृत्तांतावरून योजनेचीं चार अंगें निष्पन्न होतात. पदवीधरास काय करतां यावें हें आधीं ठरवावें. तें आलें कीं नाहीं हें कोणत्या कृतीवरून ओळखावयाचें तें सांगावें. परीक्षेंतील चुका व्यक्तिशः न मोजतां समान चुका वेगळ्या काढाव्या, आणि त्या दूर होतील असा एकच बदल पाठांत करावा. शेवटीं तीच कसोटी पुन्हां लावावी. चौथें अंग बहुधा राहतें. आणि तें राहिलें म्हणजे योजना अहवालांत पुरी होते, वर्गांत होत नाहीं.

प्रस्तुत लेखकास हें स्वतःच्या चुकीवरून कळलें, म्हणून सांगतों. संस्कृतच्या वर्गांत मुलें रूपें बिनचूक म्हणत, परंतु अपरिचित श्लोक पुढें आला कीं बहुतेकांची लेखणी थांबे. कित्येक वर्षें आम्हीं त्यांस मंद म्हणून गुण कापले. पुढें एकदां सर्व उत्तरपत्रिका ओळीनें मांडून पाहिल्या तेव्हां ध्यानांत आलें कीं, प्रत्येकजण अन्वयाच्या ठिकाणींच अडत होता, आणि अन्वय लावण्यास आम्हीं कधीं शिकविलेंच नव्हतें. रोज एक नवा श्लोक घेऊन त्याचा अन्वय मुलांकडून लावविण्यास आरंभ केला; पुढल्या सहामाहींत तशाच अपरिचित श्लोकावर लेखण्या चालूं लागल्या. परीक्षा मुलांची म्हणून घेतली होती. नापास आम्ही झालों होतों.

संग्राहक बंधूंस शेवटीं दोन शब्द. दक्षिणेच्या याद्यांत पूर्वजांचें नांव व रक्कम सांपडली कीं आपण तें कुलाच्या विद्वत्तेचें प्रमाण मानतों. तें मानावें, पण बेतानें. रमण्यांतील रक्कम ही विद्येचें माप नव्हे. त्यापेक्षां जुनी प्रश्नपत्रिका, शास्त्र्याचें पाठांचें टांचण, परीक्षकाचा शेरा, मुलाची खोडाखोड केलेली पाटी-वही असे कागद रद्दींत घालूं नयेत. काय शिकविलें, काय विचारलें आणि काय आलें हें तिन्ही एकत्र ज्या दप्तरांत मिळतील, तेथेंच विद्येचा खरा इतिहास लिहितां येईल. आणि उद्यांच्या योजनेस आधारहि तेथूनच मिळेल.