खेळ तोच, देश बदलला की भाव वेगळा

ऑक्टोबर २००७मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने ‘ऑरेंज बॉक्स’ हा पाच खेळांचा संच बाजारात आणला. अमेरिकेत त्याची किंमत पन्नास डॉलरच्या घरात होती. थायलंडमध्ये आणि रशियात तोच संच बराच स्वस्त मिळत होता. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. अमेरिका-युरोपातल्या अनेकांनी थायलंडच्या विक्रेत्यांकडून तो मागवला. काहींनी खोकंही न मागवता आतला कोड तेवढा घेतला. कोड व्हॉल्व्हच्याच स्टीम या ऑनलाइन दुकानात टाकला, खेळ उतरला, चालूही झाला. आणि मग एके दिवशी बंद पडला. हे कोड भलत्या देशात वापरले गेलेत म्हणून व्हॉल्व्हने ते रद्द केले होते. माल चोरीचा नव्हता की नकली नव्हता. रोख पैसे मोजून घेतलेली अस्सल वस्तू, फक्त चुकीच्या देशातली.

एकाच खेळाचे देशोदेशी वेगळे भाव कोणा कंपनीच्या दयाबुद्धीतून आलेले नाहीत. ते कंपन्यांच्या गळी उतरवले फुटपाथवरच्या नकली सीडीवाल्याने. पण एखाद्या देशात भाव उतरला रे उतरला की श्रीमंत देशातलं गिऱ्हाईक मागच्या दाराने तिथे हजर होतं, आणि मग त्या दाराला कुलूप लागतं.

पहिली कुलपं अगदी बाळबोध होती. निन्टेंडोचं सुपर फॅमिकॉम हे यंत्र जपानमध्ये १९९०मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी सुपर एनईएस या नावाने अमेरिकेत. आतलं यंत्र जवळपास सारखंच. पण अमेरिकी यंत्राच्या तोंडाशी प्लास्टिकची दोन छोटी टोकं सोडलेली होती. अमेरिकी कार्ट्रिजच्या पाठीला त्या टोकांपुरत्या खाचा असत, जपानी कार्ट्रिजला नसत. त्यामुळे जपानी कार्ट्रिज आत बसायचंच नाही. हौशी मंडळींनी पकड घेतली आणि ती टोकं मोडून टाकली. इतक्या मोठ्या कंपनीच्या बंदोबस्ताला पकडीचा एक झटका पुरला.

सोनीने प्लेस्टेशनसाठी जरा डोकं लढवलं. डिस्कवरच्या मार्गिकेत सूक्ष्म थरथर पेरून त्यात जपान, अमेरिका आणि युरोप यांच्यासाठी चार-चार वेगळी अक्षरं लपवली. घरच्या सीडी-रायटरला ही थरथर उमटवता येत नसे. म्हणजे एकाच कुलपाने नकली सीडीही अडायची आणि परदेशातली अस्सल सीडीही. कंपनीच्या लेखी दोघांत फारसा फरक नव्हता, ही यातली खरी गोम. या कुलपाची किल्ली म्हणजे मॉडचिप. ती चिप यंत्राला हवी ती अक्षरं परस्पर पुरवायची, आणि दोन्ही दारं एकदम उघडायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘चिप लावलेला’ प्लेस्टेशन मागणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कारण अस्सल डिस्कची किंमत अमेरिकी पगाराच्या हिशेबाने ठरलेली, आणि नकली डिस्क शे-दीडशे रुपयांत.

हाँगकाँगच्या लिक-सँग या दुकानाची गोष्ट मात्र खरोखर चटका लावणारी. १९९८पासून हे दुकान जपानी आणि आशियाई माल जगभर टपालाने पाठवत असे. सोनीचा पीएसपी हा हातात धरून खेळायचा संच जपानमध्ये डिसेंबर २००४मध्ये आला, युरोपात यायला सप्टेंबर २००५ उजाडला. मधल्या काळात लिक-सँग युरोपीय गिऱ्हाइकांना पीएसपी पाठवत राहिलं. सोनीने लंडनच्या न्यायालयात दावा लावला, जिंकला, आणि ऑक्टोबर २००६मध्ये दुकानाला टाळं लागलं. जाता जाता लिक-सँगने एक बाण सोडलाच: सोनीच्या युरोप शाखेतल्या बड्या अधिकाऱ्यांनीही आमच्याकडूनच पीएसपी मागवले होते, असा त्यांचा दावा होता.

पण भाव मुळात उतरला कुठे आणि कसा, हे पाहायचं तर पोलंडची राजधानी वॉर्सा गाठावी लागते.

तिथे ग्झिबोव्स्का रस्त्यावरच्या एका शाळेत शनिवार-रविवारी संगणकाचा बाजार भरायचा. टेबलांवर फ्लॉपी, कॅसेट, पुढे सीडी, आणि बहुतेक सगळा माल नकली. त्यात लपवाछपवी फारशी नव्हती, कारण सॉफ्टवेअरला नीट संरक्षण देणारा कॉपीराइट कायदा पोलंडमध्ये १९९४मध्ये आला. त्याच बाजारात मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की हे दोन शाळूसोबती खेळ विकत. १९९४मध्ये दोघांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. भांडवल सुमारे दोन हजार डॉलर, आणि जागा एका मित्राच्या घरातली, बिनभाड्याची. धंदा म्हणजे अमेरिकेतून अस्सल सीडी मागवून विकणं. शेजारच्या टेबलावर तोच खेळ कवडीमोलाने मिळत असताना अस्सल माल विकायचा म्हणजे धाडसच. गिऱ्हाइकाने जास्तीचे पैसे का द्यावेत, याचं उत्तर त्यांना रोजच्या रोज द्यावं लागत होतं.

ते उत्तर १९९९मध्ये ‘बॉल्डर्स गेट’च्या रूपाने सापडलं. हा खेळ पाच सीडींचा. नकलाकारालाही पाच कोऱ्या सीडी लागणार, म्हणजे त्याचीही किंमत चढणार. इथे सीडी प्रोजेक्टने गणित मांडलं: अस्सल खोक्याचा भाव नकली संचाच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा आणि उरलेलं अंतर खोक्यातल्या मालाने भरून काढायचं. खोक्यात चर्मपत्राच्या धाटणीचा नकाशा, जाड नियमपुस्तक आणि संगीताची वेगळी सीडी दिली. सगळा खेळ पोलिश भाषेत आणला आणि निवेदनाला प्योत्र फ्रॉन्चेव्स्की हा घराघरांत ठाऊक असलेला नट घेतला. फुटपाथवरच्या सीडीत ना नकाशा, ना पुस्तक. एखाद्या खेळाच्या काही हजार प्रती खपल्या तरी जिथे मोठी मजल मानली जायची, तिथे पहिल्याच दिवशी अठरा हजार प्रती गेल्या. या पैशांतून आणि या अनुभवातून पुढे कंपनीचा स्वतःचा ‘विचर’ हा खेळ जन्माला आला, पण ती वेगळी कथा.

गंमत अशी, की स्थानिक भावावर वाढलेल्या याच कंपनीने २००८मध्ये गॉग हे ऑनलाइन दुकान काढलं तेव्हा ब्रीद घेतलं ‘साऱ्या जगाला एकच किंमत’. ऐकायला न्याय्य; पण ती एकच किंमत डॉलरमधली होती. पुढे मोठ्या प्रकाशकांचे नवे खेळ हवे झाले आणि ते प्रकाशक देशागणिक भावाला चिकटून होते. २०१४मध्ये गॉगला नमतं घ्यावं लागलं. त्यावर त्यांनी तोडगा काढला, की ज्या देशात किंमत अमेरिकेपेक्षा जास्त असेल तिथल्या गिऱ्हाइकाला फरक दुकानाच्या खात्यात परत द्यायचा. हा उदारपणा मार्च २०१९पर्यंत टिकला.

रशियातही कथा तीच, फक्त आकार मोठा. तिथे ‘वन-सी’सारख्या प्रकाशकांनी खोकं आणि पुस्तिका काढूनच टाकली आणि पातळ प्लास्टिकच्या डबीत नुसती डिस्क, काही डॉलरांत, थेट नकली सीडीच्या शेजारी उभी केली. रशियात जाऊ नका, तिथे सगळे चोरूनच खेळतात, असा सल्ला व्हॉल्व्हला मिळाला होता. २०११मध्ये कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल सांगत होते, की रशिया आता आमची युरोपातली सर्वांत मोठी बाजारपेठ होण्याच्या बेतात आहे. चोरीचं मूळ किमतीत कमी आणि सेवेत जास्त, असं त्यांचं निदान. त्यात तथ्य आहे, पण रशियातला स्वस्त भाव वगळून ते पटवणं कठीण. डिसेंबर २०१४मध्ये रुबल गडगडला आणि तिथले खेळ डॉलरवाल्यांना जवळजवळ फुकटात पडू लागले. व्हॉल्व्हने लगेच रशिया आणि शेजारच्या देशांतून बाहेर भेट पाठवण्यावर निर्बंध घातले.

भारतात स्टीमवर रुपया आला नोव्हेंबर २०१५मध्ये. तोवर किंमत डॉलरमध्ये दिसायची, आणि अनेकांची डेबिट कार्डं परदेशी व्यवहाराला चालतच नसत. महागाई हे एक दुखणं, आणि पैसे देण्याची इच्छा असून देता न येणं हे दुसरं. रुपया आल्यावर दुसरं बरंचसं हललं, पहिलं प्रकाशकाच्या मर्जीवर राहिलं. कारण स्टीम फक्त किंमत सुचवतं, ठरवतो प्रकाशक.

भारतीय वाचकाला हा प्रकार पुस्तकांमुळे आधीपासून ठाऊक आहे. इंजिनीअरिंगच्या पाठ्यपुस्तकाची स्वस्त आवृत्ती आणि तिच्या मलपृष्ठावरची सूचना, की विक्री फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश वगैरे देशांत. अशीच आशियाई आवृत्ती थायलंडहून मागवून अमेरिकेत विकणारा सुपाप किर्तसेंग हा विद्यार्थी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१३मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकला. कायदेशीररीत्या विकत घेतलेली प्रत, मग ती कुठल्याही देशात छापलेली असो, पुन्हा विकायला मालक मोकळा आहे, असा निकाल लागला. गेमवाल्यांना त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तोवर खेळ डिस्कवरून उतरून खात्यात गेले होते, आणि खात्यातला खेळ हा माल नव्हे, वापरण्याचा परवाना.

यानंतर मागचं दार उघडलं ते तुर्कस्तान आणि अर्जेंटिनात. २०१८च्या सुरुवातीला एका डॉलरला चारपेक्षा कमी लिरा पडत. नोव्हेंबर २०२३मध्ये अठ्ठावीसच्या वर. अर्जेंटिनाचा पेसो याच काळात एकोणीसच्या आसपासहून साडेतीनशेच्या पलीकडे घसरला. प्रकाशकांनी किंमत एकदा लिरा-पेसोत लिहिली आणि तिकडे पुन्हा पाहिलं नाही. चलन पडत गेलं आणि डॉलरच्या हिशेबात तोच खेळ दरमहा स्वस्त होत गेला. मग जगभरचे लोक व्हीपीएन लावून कागदोपत्री ब्युनोस आयर्स आणि इस्तंबूलचे रहिवासी झाले. व्हॉल्व्हने २०२१मध्ये देश बदलण्यावर तीन महिन्यांची अट घातली, तर तुर्की गिफ्ट कार्डं विकणाऱ्यांची चंगळ झाली. खऱ्या अर्जेंटिनी खेळाडूची अवस्था वेगळीच होती. सरकारने परकीय चलन वाचवायला लावलेले कर मिळून, छापील किमतीवर निम्म्याहून अधिक रक्कम त्याला वर मोजावी लागे. व्हीपीएनवाल्या परदेशी पाहुण्याला ते कर लागत नसत.

ऑक्टोबर २०२२मध्ये व्हॉल्व्हने सुचवलेल्या किमती या दोन देशांसाठी कितीतरी पटींनी वाढवल्या. २० नोव्हेंबर २०२३ला लिरा आणि पेसो दोन्ही हटवून डॉलर आणला. दोन्ही देशांना आपापल्या शेजारच्या देशांसोबत स्वस्त डॉलर-गटांत बसवलं खरं, पण ज्या खेळांचे भाव जुनेच पडून होते ते एका रात्रीत कित्येक पटींनी चढले. व्हीपीएनवाले दुसरा देश शोधायला निघाले. इस्तंबूलच्या पोराला तो मार्ग नव्हता.

युरोपीय संघात उलट टोकाचं भांडण झालं. पोलंड, चेकिया, हंगेरी, रोमानिया, बाल्टिक देश इथले कोड पश्चिमेत चालू नयेत अशी कुलपं व्हॉल्व्हने पाच प्रकाशकांसाठी लावली होती. जानेवारी २०२१मध्ये युरोपीय आयोगाने या सहा कंपन्यांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. एकच बाजारपेठ म्हटल्यावर आत भिंती नकोत, हा आयोगाचा मुद्दा. भिंत पाडलीत तर प्रकाशक पूर्वेकडचे भाव पश्चिमेइतके वर नेतील, हे व्हॉल्व्हचं म्हणणं. व्हॉल्व्ह अपिलात गेली आणि सप्टेंबर २०२३मध्ये हरली. कायद्याने आयोग बरोबर असेल. पण बुखारेस्टच्या गिऱ्हाइकाच्या खिशापुरतं बोलायचं तर व्हॉल्व्हची भीती अनाठायी म्हणता येत नाही.

कोडचा स्वतंत्र बाजार मात्र या सगळ्यातून फोफावला. त्यातलं मोठं नाव जी-टू-ए, पोलंडच्याच झेशुफ शहरात २०१०मध्ये सुरू झालेलं. तिथे स्वस्त देशातला कोड आणि चोरलेल्या कार्डावर घेतलेला कोड शेजारी-शेजारी असतात आणि घेणाऱ्याला फरक कळायला वाव नसतो. ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या वूब या चेक कंपनीने तपास लावून धरला, तेव्हा १९८ चोरीचे कोड तिथून विकले गेल्याचं निघालं. मे २०२०मध्ये जी-टू-एने ३९,६०० डॉलर भरपाई दिली.

येन घसरल्यावर जपानवर तीच वेळ आली. मार्च २०२५मध्ये निन्टेंडोने आपल्या जपानी ऑनलाइन दुकानात परदेशी क्रेडिट कार्डं आणि पेपाल घेणं थांबवलं. जूनमध्ये तिचं स्विच-२ हे नवं यंत्र आलं ते जपानपुरता दोन भावांत: सगळ्या भाषांचं ६९,९८० येनला, आणि फक्त जपानी भाषेचं, फक्त जपानी खात्याला जोडता येणारं, ४९,९८० येनला. परदेशी कार्डवाल्यांना निन्टेंडोने सुचवलेला पर्याय होता जपानात निघालेलं कार्ड किंवा प्रीपेड कार्ड. प्रीपेड कार्ड म्हणजे शेवटी सोळा अक्षरांचा कोड, आणि असे कोड ई-मेलने परदेशात पाठवणारी दुकानं आजही चालू आहेत.