लोहाची गोळी शरीरात कशी शोषली जाते?

बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या गावांत आशा कार्यकर्ती गरोदर स्त्रीला लोहाची लाल गोळी देते. 2018 पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी किमान 180 दिवस आणि प्रसूतीनंतर आणखी 180 दिवस ती घ्यावयाची असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. मळमळ, बद्धकोष्ठता वा काळे शौच यांमुळे अनेकजणी गोळी अर्ध्यावर सोडतात. वास्तविक काळे शौच हे न शोषलेल्या लोहामुळे होते; ते घाबरण्याचे कारण नव्हे.

लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट यांतील लोह फेरस स्वरूपात असल्याने पेशींत सहज शिरते. फेरिक लोहाचे आधी फेरसमध्ये रूपांतर व्हावे लागते. पॉलिमाल्टोज संयुगातील लोह फेरिक असते. त्याचा पोटाला त्रास कमी होतो व ते जेवणासोबत घेतात, मात्र त्याचे शोषण तुलनेने कमी होते. वेष्टनावरील संयुगाचे वजन आणि प्रत्यक्ष लोह यांतही फरक असतो: फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे 33 टक्के, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये सुमारे 12 टक्केच लोह असते.

जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीरात नाही. म्हणून आतड्याच्या दारावरच त्याचे नियंत्रण होते. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवते आणि पुढील सुमारे एक दिवस शोषण मंदावते. लोहाची कमतरता असलेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांवरील 2017 च्या स्विस अभ्यासात रोजच्या गोळीतील 16.3 टक्के, तर एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतील 21.8 टक्के लोह शोषले गेले. तथापि गरोदर स्त्रियांनी या निष्कर्षावरून स्वतःच मात्रा बदलू नये.

गोळी व चहा-कॉफी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची गोळी, दूध व आम्लपित्ताची औषधे यांसोबत ती घेऊ नये. लिंबू, आवळा वा पेरू यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. रिकाम्या पोटी गोळी सोसत नसेल, तर ती जेवणानंतर घ्यावी. शोषण थोडे घटले तरी गोळी बंद करण्यापेक्षा ते बरे.

गोळीच्या याच मर्यादांमुळे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने 2021 मध्ये ‘रॅपिडआयर्न’ चाचणी सुरू झाली. कर्नाटक व राजस्थानातील मध्यम रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रियांमध्ये शिरेतून एकदाच दिलेल्या लोहाची तुलना तीत फेरस सल्फेटच्या गोळ्यांशी करण्यात आली. शिरेतून दिलेले लोह आतड्याचा अडसर टाळते. मात्र ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देता येते. घरात लहान मुले असल्यास गोळ्या त्यांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. लोहाची जास्त मात्रा बालकाच्या जिवावर बेतू शकते.