अडतीस विरुद्ध तेरा

मंडळी, आपण मांडलेली गोष्ट वरिष्ठांनी आणि सोबत्यांनीही झिडकारली, म्हणजे माणूस एक तर चिडतो, नाही तर गप्प बसतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी काय केले, ते आज सांगतो.

१९११ साली हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे, असा ठराव गोखल्यांनी १९१० मध्येच मध्यवर्ती कायदेमंडळात आणला होता. सरकार म्हणाले, विचार करू. त्यांनी ठराव मागे घेतला, वर्षभर वाट पाहिली आणि मार्च १९११ मध्ये सरळ विधेयकच पुढे ठेवले.

विधेयक तसे फार भित्रे होते. सक्ती करायची ती नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने, तीही सरकारची परवानगी घेऊन आणि जिथे बरीच मुले आधीच शाळेत जातात अशाच ठिकाणी. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींचे पुढे पाहू. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. नकार देणाऱ्याला धरायला जागाच राहू नये, असा त्यांचा हिशेब असावा. शेवटी ते गणिताचे मास्तर! बडोद्याचा दाखलाही हाताशी होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ साली ती राज्यभर नेली.

तरी विरोध झालाच. शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर विरुद्ध गेले. ते अपेक्षितच होते. पण आपल्यातले काही जमीनदार सभासदही उलटले, हे अधिक लागले असणार. मालवीय आणि जिना बाजूने बोलले. १९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यात मते मोजली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस.

गंमत अशी, की निकाल गोखल्यांना आधीच ठाऊक होता. विधेयक फेटाळले जाणार, आपली तक्रार नाही, असे त्यांनी भर सभेत सांगून टाकले होते. अपयशातूनच देशाची सेवा करणे आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कोणी याला हार म्हणेल. मला ती पुढच्या माणसासाठी करून ठेवलेली नांगरट वाटते. त्याच साली ते आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बोटीने निघालेसुद्धा.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात कायदा करून घेतला, आणि नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली. गोखले तेव्हा नव्हते. १९१५ च्या फेब्रुवारीत, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. खेड्यांची पाळी यायला १९२३ चा कायदा उजाडावा लागला.