राजा पैसे मागायला येतो

साल १०८६. तुम्ही इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं कूळ आहात आणि आज तुम्हाला शपथेवर बोलायचंय. गावागावातून पाद्री, जमीनदाराचा कारभारी आणि सहा गावकरी बोलावलेत. त्या सहांपैकी एक तुम्ही. समोर बसलेले राजाचे अधिकारी आपसांत फ्रेंच बोलतात. तुमची बोली इंग्रजी. कारकून मेंढीच्या कातड्यावर उतरवून घेतो ते लॅटिनमध्ये. तुमच्याच गावाबद्दल काय लिहिलं गेलं, हे तुम्हाला कधीच वाचता येणार नाही.

प्रश्न मात्र मुद्देसूद आहेत. वीस वर्षांपूर्वी, एडवर्ड राजाच्या काळी, ही जमीन कोणाची होती? आज कोणाकडे आहे? नांगर किती, कुळं किती, गुलाम किती? कुरण, जंगल, पाणचक्क्या, मासळीची तळी? तेव्हा किंमत काय होती, आता काय आहे? आणि सगळ्यात शेवटी: आणखी काही वसूल होण्याजोगं आहे का?

हा शेवटचा प्रश्न नीट ऐकून ठेवा. वीस वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १०६६ रोजी, नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली. त्यानंतर बहुतेक इंग्रज सरदारांच्या जमिनी नॉर्मन लोकांकडे गेल्या. उत्तरेत बंड झालं तेव्हा १०६९-७०च्या हिवाळ्यात त्याने गावंच्या गावं जाळली. म्हणून यॉर्कशरच्या पानांवर कित्येक गावांपुढे ‘वैराण’ एवढीच नोंद आहे. आता डेन्मार्ककडून स्वारीची धास्ती आहे, भाडोत्री फौज पोसायचीय, आणि त्यासाठी तेरा हजारांहून जास्त गावांची जमाबंदी चाललीय. या नोंदीवर अपील नाही, म्हणून लोक पुढे या दप्तराला ‘डूम्सडे’, म्हणजे कयामतीच्या दिवसाचं पुस्तक, म्हणू लागतील.

आज प्रश्न विचारणारा राजा आहे आणि उत्तर देणारे तुम्ही. ब्रिटनचा पुढचा नऊशे वर्षांचा इतिहास म्हणजे हे पारडं हळूहळू फिरवण्याची खटपट आहे. मोठी तत्त्वं त्यात मागाहून येतात. आधी येते ती राजाची पैशांची चणचण.

१५ जून १२१५. थेम्सच्या काठी रनिमीडचं ओलसर कुरण. तुम्ही एका सरदाराचे घोडे सांभाळता. तंबूंच्या गर्दीतून तुम्हाला जॉन राजा लांबूनच दिसतो. १२०४मध्ये त्याने नॉर्मंडी गमावली. ती परत मिळवायला त्याने वर्षानुवर्षं सरदारांकडून पैसा उकळला, आणि गेल्या वर्षी बूव्हीनच्या लढाईत त्याच्या मित्रपक्षांचा पराभव होऊन सगळं पाण्यात गेलं. आता सरदार हत्यारं घेऊन उभे आहेत. राजाच्या मोहोरेचं मेण सनदेला लागतं. सही वगैरे काही नाही.

या मॅग्ना कार्टात थोर वचनं आहेत, तशा अगदी किरकोळ तक्रारीही आहेत: थेम्समधले मासेमारीचे बांध काढून टाका, धान्य आणि दारूचं माप देशभर एकच ठेवा. पण आपल्या कामाचं कलम वेगळं. राज्याच्या सामायिक सल्ल्याशिवाय लष्करी सेवेच्या बदल्यातली पट्टी बसवायची नाही. सनद ‘स्वतंत्र माणसा’ला हक्क देते. तुम्ही बांधील कूळ, त्यामुळे तुमच्या पदरात फारसं काही पडत नाही.

पोप काही आठवड्यांतच ही सनद रद्द करतो आणि यादवी पेटते. सनद टिकते ती पुढच्या राजालाही पैसे लागतात म्हणून. १२२५मध्ये तिसरा हेन्री ती पुन्हा जारी करतो आणि त्या बदल्यात सरदारांकडून कर मंजूर करून घेतो. पार्लमेंटचं बी या सौद्यात आहे. १२६५मध्ये सिमॉन द माँफोर्ट हा बंडखोर सरदार इतर सरदारांच्या जोडीला परगण्यांतले सरंजामी शिलेदार आणि शहरांतले प्रतिनिधी बोलावतो. पुढचे राजेही बोलावतात, कारण ज्यांच्याकडून वसुली करायची ते आधी ‘हो’ म्हणाले तर वसुली सोपी जाते. ‘हो’ म्हणण्याआधी गाऱ्हाणी मांडायची, ही सवय प्रतिनिधींना लवकरच लागते.

१३ जून १३८१. लंडनच्या आल्डगेट वेशीतून एसेक्सचे शेतकरी आत घुसताहेत. त्यांच्या लोंढ्यात तुम्ही आहात. वेशीच्या वरच्या खोल्या जेफ्री चॉसर नावाच्या सरकारी नोकराला भाड्याने दिल्यात. लंडन बंदरात लोकरीच्या जकातीचा हिशेब तपासणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. फावल्या वेळात तो कविता करतो, आणि दरबाराची फ्रेंच व चर्चची लॅटिन बाजूला ठेवून तुमच्या भाषेत करतो. इंग्रजीचे दिवस पालटताहेत. १३६२मध्ये कायदा झाला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत चालावा. तो कायदा लिहिला मात्र फ्रेंचमध्ये.

तुम्ही आज का चिडलात? १३४८-४९च्या प्लेगने देशातली निदान एक तृतीयांश माणसं नेली. मजूर कमी, म्हणून मजुरी वाढली. तर १३५१च्या कायद्याने ती जुन्या दरावर बांधून टाकली. वर फ्रान्सशी चाललेल्या लढाईसाठी डोईपट्टी आली. १३७७मध्ये ती माणशी चार पेन्स होती, आता बारा. गरिबाच्या घरात ही काही दिवसांची मजुरी. लोकांनी सोपा मार्ग काढला: विधवा आया, लग्नाच्या मुली, धाकटे भाऊ यादीतून गायब झाले. कागदावर देशातले करदाते चार वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटले. सरकारने फेरतपासणीला माणसं पाठवली आणि ठिणगी पडली.

गावोगाव लोकांनी आधी जाळली ती जमीनदारांची दप्तरं. कोण कोणाचं बांधील कूळ, कोणाची किती वेठ, हे सगळं त्या गुंडाळ्यांत होतं. सातबारा जाळला की मालकी गेली, असा हिशेब कोणत्याही गावात चटकन कळतो. लंडनमध्ये राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय महाल पेटतो. खजिनदार आणि आर्चबिशप यांची डोकी उडवली जातात. जमाव हातावर पोट असलेल्या परदेशी फ्लेमिश विणकरांनाही मारतो. हेही याच बंडाचं रूप आहे.

१५ जूनला स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजारात चौदा वर्षांचा दुसरा रिचर्ड घोड्यावर बसून येतो. तुमचा म्होरक्या वॉट टायलर पुढे होऊन मागण्या सांगतो: कोणी कोणाचा बांधील नको. बाचाबाची होते, लंडनचा मेयर विल्यम वॉलवर्थ शस्त्र चालवतो, टायलर कोसळतो. तुमच्या रांगेतल्या धनुष्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात. तेवढ्यात तो पोरगा एकटाच घोडा पुढे घालतो आणि ‘मी तुमचा राजा, माझ्यामागे या’ अशा अर्थाचं काही बोलतो. तुम्ही जाता. पुढच्या काही आठवड्यांत दिलेली सगळी वचनं मागे घेतली जातात आणि फाशीची सत्रं सुरू होतात. पण अशी डोईपट्टी बसवायचं धाडस बराच काळ कोणी करत नाही, आणि पुढच्या शतकात बांधील कुळांची पद्धत आपोआप झिजत जाते.

४ जानेवारी १६४२. वेस्टमिन्स्टरमधलं सेंट स्टीफन्स हे पूर्वीचं प्रार्थनामंदिर. कॉमन्स सभागृह इथेच भरतं. गायकवृंदाच्या जुन्या आसनांच्या धर्तीवर बाकं समोरासमोर आहेत. ब्रिटिश खासदार आजही असेच एकमेकांकडे तोंड करून बसतात. तुम्ही दाराजवळ उभे आहात. बाहेर शेकडो हत्यारबंद शिपाई, आणि दार मुद्दाम उघडं ठेवलंय, आतल्यांना ते दिसावेत म्हणून.

पहिला चार्ल्स टोपी काढून आत येतो. अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नव्हतं. त्या काळात बंदरांवरची ‘जहाजपट्टी’ त्याने समुद्र न पाहिलेल्या गावांवरही बसवली. जॉन हॅम्पडन या जमीनदाराने ती भरायचं नाकारलं, तेव्हा बारा न्यायाधीशांपैकी सातांनी राजाच्या बाजूने आणि पाचांनी विरुद्ध मत दिलं. खटला राजाने जिंकला, पण पाच न्यायाधीश विरुद्ध गेले ही बातमी देशभर झाली. आज त्याला हॅम्पडन, जॉन पिम आणि आणखी तिघांना पकडायचंय. ते नदीतून होडीने आधीच निसटलेत. राजा अध्यक्षांच्या खुर्चीजवळ जाऊन विचारतो, कुठे आहेत? अध्यक्ष विल्यम लेंथॉल गुडघे टेकतात आणि अदबीने सांगतात की सभागृह सांगेल तेवढंच त्यांच्या डोळ्यांना दिसतं आणि तेवढंच त्यांच्या जिभेला बोलता येतं.

राजा रिकाम्या हाताने परततो. त्यानंतर आजतागायत एकाही राजा-राणीने कामकाज चालू असताना कॉमन्स सभागृहात पाऊल ठेवलेलं नाही. काही महिन्यांत यादवी सुरू होते आणि ३० जानेवारी १६४९ रोजी व्हाइटहॉलमध्ये चार्ल्सचा शिरच्छेद होतो. थंडीने अंग थरथरलं तर लोक भ्यायला म्हणतील, म्हणून त्याने त्या दिवशी दोन सदरे घातले होते. १६६०मध्ये राजेशाही परत येते, पण मोकळ्या हाताने नाही. १६८९च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय कर लावणं बेकायदा ठरतं.

मध्येच आपल्याकडची एक नोंद. परत आलेल्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना हुंड्यात मुंबई मिळाली. १६६८मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. घरी पार्लमेंटला विचारल्याशिवाय पै वसूल न करू शकणारं राज्य समुद्रापलीकडे एका कंपनीमार्फत काय करणार, ते पुढे दिसेलच.

१६ ऑगस्ट १८१९. मँचेस्टरचं सेंट पीटर्स मैदान. तुम्ही हातमागावरचे विणकर, ठेवणीतले कपडे घालून बायकापोरांसह चालत आलात. गर्दी सुमारे साठ हजार. १८१५च्या धान्य कायद्याने परदेशी गव्हाला आडकाठी घातली, त्यामुळे पाव महाग. जमीनदारांची चैन, गिरणगावांचे हाल. एवढ्या मोठ्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नाही. ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकाडाला मात्र दोन. हेन्री हंट भाषणाला उभा राहतो आणि घोडेस्वार तलवारी उपसून गर्दीत घुसतात. पंधराएक माणसं मरतात, शेकडो जखमी होतात. वॉटर्लूला चारच वर्षं झालीत, म्हणून लोक या दिवसाला टोमण्याने ‘पीटर्लू’ म्हणतात. १८३२च्या सुधारणा कायद्यात ओल्ड सॅरम जातं आणि मँचेस्टरला दोन जागा मिळतात. तुम्हाला मत मिळत नाही. त्यासाठी वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर लागतं.

१८९२चा जुलै, लंडनचं सेंट्रल फिन्सबरी. लिबरल पक्षाचे उमेदवार दादाभाई नौरोजी, वय ६६, एकेकाळचे मुंबईच्या एल्फिन्स्टनचे गणिताचे प्राध्यापक. इंग्रज मतदार ‘काळ्या माणसा’ला निवडून देतील असं वाटत नाही, असं पंतप्रधान सॉल्झबरी चार वर्षांपूर्वी जाहीर सभेत बोलले होते. दादाभाई बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी निवडून येतात. सभागृहात ते जे मांडतात ते इंग्रजांना ओळखीचं वाटायला हवं: हिंदुस्थानातल्या रयतेच्या करातून इंग्लंडमधले पगार, पेन्शनी आणि दूरदूरच्या लढाया भागतात, आणि त्या रयतेला कोणी विचारत नाही. हे राज्य अन्यायी आहे एवढंच सांगून ते थांबत नाहीत, ते ब्रिटिश रीतीला सोडून आहे असं ते म्हणतात. हॅम्पडनचाच मुद्दा त्यांनी इंग्रजांच्या गळ्यात घातला.

१९११. मिडलसेक्समधल्या एका छोट्या कोर्टात तुम्ही मागच्या बाकावर बसलात. आरोपी सोफिया दुलीपसिंग, महाराजा रणजितसिंगांची नात, राहायला हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्याच्या आवारात. गुन्हा: परवान्याचे पैसे न भरता नोकर, गाडी आणि कुत्री ठेवली. तिचा युक्तिवाद सरळ आहे. मत नाही तर कर नाही. दंड होतो, तोही ती भरत नाही, मग तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतलीच एक बाई बोली लावून ती विकत घेते आणि तिथल्या तिथे सोफियाला परत करते. त्याच उन्हाळ्यात पार्लमेंट कायदा होऊन अर्थविधेयकं अडवण्याची लॉर्ड्स या सरदारांच्या सभागृहाची ताकद जाते. करांवर शेवटचा शब्द निवडून आलेल्यांचा. निम्म्या देशाला मात्र निवडायचा हक्क नाही. १९१८मध्ये तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांना आणि १९२८मध्ये सगळ्या सज्ञान स्त्रियांना तो मिळतो.

३१ मार्च १९९०. ट्रफाल्गर चौकात तुम्ही लाखोंच्या मोर्चात आहात. आणि घोषणा कशाविरुद्ध? डोईपट्टीविरुद्ध. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने सरदारापासून सफाई कामगारापर्यंत जवळपास सगळ्यांवर स्थानिक कराचा सारखाच आकडा बसवलाय, स्कॉटलंडमध्ये एक वर्ष आधीच. या वेळी कायद्यात खोट काढायला जागा नाही. निवडून आलेल्या पार्लमेंटने बहुमताने तो मंजूर केलाय, आणि तरीही लाखो लोक भरत नाहीत. दुपारनंतर दगड, काठ्या, घोडेस्वार पोलिस, जळत्या गाड्या. मंजुरी घेतली म्हणजे लोकांनी मानलं असं होत नाही, हे सत्ताधारी खासदारांना आपापल्या मतदारसंघात कळू लागतं. युरोपच्या प्रश्नावरून पक्षात आधीच धुसफूस आहे. नोव्हेंबरमध्ये थॅचर राजीनामा देतात. सार्वत्रिक निवडणूक नाही, लेखी घटनेतलं कलम नाही, त्यांच्याच खासदारांनी त्यांना दार दाखवलं.

१९९३मध्ये डोईपट्टी जाऊन घराच्या किमतीवरचा कौन्सिल टॅक्स आला. लोक तो शिव्या देत भरतात. इंग्लंडमध्ये आजही तो घराच्या १९९१मधल्या किमतीवरच बसतो. तिथल्या सगळ्या घरांची किंमत नव्याने ठरवायची हिंमत तेव्हापासून एकाही सरकारला झालेली नाही.