वर्षावास, प्रवारणा आणि घरचा अभ्यास

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा तीन महिन्यांचा काळ बौद्ध परंपरेत वर्षावास म्हणून पाळला जातो. या काळात भिक्षूंनी चारिका थांबवून एका ठिकाणी राहावे, असा विनयाचा नियम आहे. आपल्या विहारांतून याच दिवसांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. हा उपक्रम मोलाचा आहेच. परंतु वर्षावासाचा अर्थ तेवढ्यावर संपत नाही. माणूस एका जागी अडकून पडला असता त्या काळाचा विद्येसाठी उपयोग कसा करावा, याचा अडीच हजार वर्षांचा अनुभव या नियमामागे आहे. बोईसर, बेटेगाव, तारापूर या परिसरातील वाचकांनी तर तो आवर्जून समजून घ्यावा. कारण त्यातील एक महत्त्वाचा प्रसंग परंपरेने याच किनारपट्टीशी जोडलेला आहे.

मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्तात स्थविर पुण्ण हे सुनापरान्त देशी जाण्याची अनुज्ञा मागतात. तेथील लोक कठोर असून ते शिवीगाळ करतील, मारहाण करतील, प्रसंगी जीवही घेतील, याची जाणीव भगवान बुद्ध त्यांना करून देतात. पुण्ण विचलित होत नाहीत. पुढे त्याच एका वर्षावासात त्यांनी पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात प्रस्थापित केल्या व स्वतः तीन विद्या प्राप्त केल्या, असे सुत्त सांगते. दिव्यावदानात पूर्णाची कथा शूर्पारक नगराशी निगडित आहे. शूर्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, वसई तालुक्यातील सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच उजेडात आला. पाचशे ही पाली वाङ्मयातील ठरावीक संख्या असल्याने ती अक्षरशः घेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही, की सुत्तकारांनी उपासक व उपासिका यांची संख्या समान सांगितली आहे आणि शिकविणारा स्वतःही त्याच काळात शिकत होता.

वर्षावासाच्या नियमाचा उगम लोकांच्या तक्रारीत आहे. भिक्षू पावसाळ्यातही फिरतात, कोवळे गवत तुडवितात, लहान जीव चिरडतात. पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी टीका होऊ लागली तेव्हा भगवंतांनी हा नियम घालून दिला, असे महावग्गात नमूद आहे. मात्र या नियमाला एक अपवादही जोडलेला आहे. विशिष्ट कामासाठी भिक्षूला सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येते. त्या कामांच्या यादीत आजाऱ्याची शुश्रूषा आहे, तशीच आणखी एक विलक्षण नोंद आहे. एखाद्या उपासकाला किंवा उपासिकेला एखादे सुत्त मुखोद्गत असेल आणि ते लुप्त होण्यापूर्वी येऊन शिकून घ्यावे असा निरोप त्यांनी पाठविला, तर भिक्षूने जावे! याचा अर्थ असा, की गृहस्थाचे घर हेही विद्येचे स्थान असू शकते आणि गृहिणीही भिक्षूला पाठ देऊ शकते, हे विनयाने गृहीत धरलेले आहे. विद्या एका वर्णाच्या मुखात कोंडून ठेवणाऱ्या समाजात हा विचार किती क्रांतिकारक होता, हे वेगळे सांगावयास नको.

याच महावग्गात कोसल देशातील काही भिक्षूंची कथा येते. वर्षावासात आपसांत भांडण होऊ नये म्हणून त्यांनी तीन महिने परस्परांशी बोलावयाचेच नाही असे ठरविले व ते पाळले. आम्ही सुखाने व एकोप्याने राहिलो, असे त्यांनी श्रावस्तीस येऊन सांगितले. तेव्हा भगवंतांनी त्यांची स्तुती केली नाही. तुम्ही पशूंसारखे एकत्र राहिलात, असे म्हणून त्यांनी मौनव्रताचा निषेध केला व प्रवारणेचा विधी घालून दिला. प्रवारणा म्हणजे वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षूने, वयाने व अधिकाराने मोठ्या भिक्षूनेसुद्धा, संघापुढे बसून आपल्यातील दोष दाखविण्याची विनंती करणे. आमच्या मते संपूर्ण वर्षावासाचे मर्म येथे आहे. एकांतात मिळविलेले ज्ञान इतरांपुढे ठेवून तपासून घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही.

स्वेच्छेने पत्करलेला एकांत आणि लादलेला एकांत यांत मात्र मोठे अंतर आहे. आपल्या समाजाला दुसऱ्या प्रकारचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि नळाला हात लावण्याची मुभा नसे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकण्याची वाट त्यांना बंद करण्यात आली व त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. पालीचा व्यासंग तर त्यांनी राजकारण, मंत्रिपद आणि ढासळती प्रकृती सांभाळून चालविला. त्या घरच्या अभ्यासातून पालीचे व्याकरण आणि पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती अर्थ देणारा कोश आकारास आला. बाबासाहेबांच्या हयातीत तो छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड म्हणून तो प्रसिद्ध केला. स्वतःपुरते पाली शिकावयाचे असते तर चार भाषांतील अर्थांची गरज नव्हती. जो दरवाजा आपल्यासाठी बंद झाला होता तो मागून येणाऱ्यांसाठी उघडा राहावा, ही त्या कोशामागील दृष्टी होती.

पालघर जिल्ह्यातच याला समांतर असे एक उदाहरण आदिवासी समाजातून मिळते. डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) हे बालपणी आईच्या मृत्यूच्या धक्क्याने बोलेनासे झाले होते व मातीत रेखाटलेल्या चित्रांतून मनातले सांगत, असे त्यांच्याविषयी नमूद केले जाते. वारली चित्रे ही मुळात लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर स्त्रिया काढीत. ती घरातील विद्या मशे यांनी कागदावर व कापडावर आणून जगापुढे ठेवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मौनात शिकलेली कला लोकांपुढे आली, तेव्हाच तिचे चीज झाले.

२०२० च्या टाळेबंदीने हा प्रश्न पुन्हा आपल्यापुढे आणला. त्या वर्षी १४ एप्रिलची जयंती आपण घरोघरी साजरी केली. ५ जुलै रोजी आषाढ पौर्णिमा आली, तेव्हा विहारांची दारे बंद होती. राज्यातील धार्मिक स्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, म्हणजे संपूर्ण वर्षावास घरातच गेला. ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग त्या काळी सर्रास झाला. ज्यांच्या पूर्वजांनी हे अंतर जन्मभर भोगले, त्यांना तो टोचल्यावाचून राहिला नाही. त्या दिवसांत घरी बसून नवी भाषा, नवे वाद्य, नवी कला शिकण्याचा उपदेश सर्वत्र चालू होता. परंतु औद्योगिक वसाहतीलगतच्या एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, रोजगार बुडाला असेल आणि घरात एकच भ्रमणध्वनी असेल, तर एकांत कोणता आणि अभ्यास कोणता? ज्या मुलांजवळ साधने नव्हती त्यांच्यासाठी जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमालिका सुरू झाली, यावरूनही ही उणीव किती व्यापक होती हे दिसते. शिकण्याची इच्छा व्यक्तीची असते. जागा, साधन आणि सोबती मात्र समाजाने पुरवावे लागतात. वर्षावासातील भिक्षूंनाही निवारा आणि भोजन उपासक-उपासिकांनी पुरविले होते, हे विसरता कामा नये.

म्हणून आमची सूचना अशी, की प्रत्येक विहाराने वर्षावासाच्या प्रारंभी आपल्या परिसरातील घरांची विचारपूस करावी. कोणाला पाली शिकावयाची आहे, कोणाला हिशेब, शिवण, संगणक किंवा चित्रकला, याची यादी करावी. ज्या घरात अभ्यासाला जागा नाही तेथील मुलांसाठी विहाराचे सभागृह सायंकाळी उघडे ठेवावे. एखाद्या वृद्ध उपासिकेला जुनी गीते, चळवळीच्या आठवणी मुखोद्गत असतील, तर त्या लुप्त होण्यापूर्वी तरुणांनी तिच्या घरी जाऊन त्या लिहून घ्याव्यात. विनयाचाच तसा आदेश आहे. आणि आश्विन पौर्णिमेस सर्वांनी एकत्र बसून जे शिकलो ते दाखवावे, उणिवा ऐकून घ्याव्यात. पुण्ण स्थविरांच्या भूमीत ही प्रवारणा पुन्हा सुरू झाली, तर पुढे कधी दारे बंद करण्याची वेळ आलीच, तरी घराघरांतील अभ्यास थांबणार नाही.