झडप की स्नायू? संधिवाताच्या तापातील हृदय आणि श्राव्यातीत ध्वनीचा पुरावा

घसा दुखतो, ताप येतो, आठवड्याभरात मूल बरे होते. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे आणि घोटे सुजतात, आणि काही मुलांच्या हृदयालाही दाह होतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती शरीराच्याच ऊतींवर उलटते. हा संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. अशा मुलाला धाप लागू लागली की डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहतो: हृदयाचा स्नायू दुबळा झाला आहे, की झडप गळते आहे?

या उत्तरावर मुलाचा जीव अवलंबून असतो. दोष स्नायूचा असेल तर शस्त्रक्रिया धोक्याची, आणि विश्रांती व दाहशामक औषधांवरच भिस्त ठेवावी लागते. दोष झडपेचा असेल तर ती दुरुस्त करता येते किंवा बदलता येते. १९०४ मध्ये लुडविग आशॉफ यांनी अशा रुग्णांच्या हृदयस्नायूत दाहाच्या सूक्ष्म गाठी दाखवल्या. पुढे कित्येक दशके दोषाचा मोठा वाटा स्नायूकडेच गेला. गाठी खऱ्याच होत्या. पण तो स्नायू जिवंतपणी किती जोराने आकुंचन पावत होता, हे सूक्ष्मदर्शक कसे सांगणार?

ते सांगू शकणारे यंत्र झडपेच्याच चिंतेतून जन्मले. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर यांना शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडावे लागत. अरुंद झालेली द्विदल झडप शल्यचिकित्सक मोकळी करू शकत. पण ती अरुंद नसून गळकी निघाली तर उपयोग नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांना माल्मोच्या जहाज कारखान्यातील, धातूतले दोष शोधणारे यंत्र ठाऊक झाले होते. सीमेन्सकडून तसे एक यंत्र उसने घेऊन दोघांनी २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाचे हलते प्रतिध्वनी नोंदवले. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. म्हणजे एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात. पडद्यावरची ठळक हलती रेषा डाव्या अलिंदाची भिंत असावी, असे त्यांना आधी वाटले. ती द्विदल झडपेची पुढची पाकळी आहे, हे नंतर कळले. सिग्नल मिळाला म्हणजे अर्थही मिळाला, असे मानणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो.

भारतात हा आजार कोवळ्या वयातच झडप अरुंद करतो, हे दिल्लीच्या एम्समधील सुजय रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले होते. स्नायूच्या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम १९९६ मध्ये त्याच संस्थेतून ‘सर्क्युलेशन’मध्ये आले. रामचंद्रन वासन, सावित्री श्रीवास्तव, जगत नरुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांची हृदये श्राव्यातीत ध्वनीने तपासली. डाव्या निलयाचा व्यास प्रसरणात आणि आकुंचनात किती, ही त्यातली एक मूलभूत मोजणी. उदाहरणार्थ, व्यास ५० मिलिमीटरवरून ३३ वर आला तर घट ३४ टक्के, म्हणजे आकुंचन ठीक. डॉप्लरने रक्ताची उलटी धार दिसते. निष्कर्ष स्पष्ट होता: ज्यांचे हृदय निकामी होत होते, त्यांच्यात झडपेची लक्षणीय गळती होतीच, स्नायूचे आकुंचन मात्र टिकून होते.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. झडप गळकी असताना निलय थोडे रक्त मागे, कमी दाबाच्या अलिंदात ढकलतो. त्यामुळे त्याचे काम हलके होते आणि आकुंचनाचा आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. मग दुबळा स्नायू या आकड्याआड लपला नसेल कशावरून? याचे उत्तर जोहान्सबर्गच्या डॉक्टरांनी १९९३ मध्येच दिले होते. दाह सक्रिय असतानाच ज्यांच्या झडपांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांचा फुगलेला निलय गळती थांबताच लहान झाला आणि आकुंचनही टिकले. स्नायूच मोडलेला असता तर ओझे बदलल्यावर तो उघडा पडला असता. म्हणून ‘दाह शमेपर्यंत थांबू’ हा सल्ला, झडप जोरात गळत असलेल्या मुलाच्या बाबतीत, घातक ठरू शकतो.

तरीही कागदोपत्री मान्यता यायला वेळ लागला. या तापाच्या निदानाचे जोन्स निकष १९४४ चे. हृदयदाह ठरवताना प्रतिध्वनी-तपासणीला त्यांत पूर्ण स्थान मिळाले ते २०१५ मध्ये. दरम्यान एम्सच्याच अनिता सक्सेना आणि सहकाऱ्यांनी दिल्लीलगतच्या बल्लभगढ भागातील ६२७० शाळकरी मुले तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्टेथोस्कोपने पाच मुले सापडली, श्राव्यातीत ध्वनीने १२८. आता प्रश्न उलटा झाला: धाप नाही, तक्रार नाही, फक्त पडद्यावर झडपेची बारीक गळती दिसते, अशा मुलाला वर्षानुवर्षे पेनिसिलिनची इंजेक्शने द्यायची का? युगांडातील ८१८ मुलांवरच्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा.