बांधीने निवडलेला बैल

गोंदियाला लागून असलेले फुलचूर धानाच्या मुलखात येते. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बांध घातलेल्या लहान लहान बांध्या यांवर इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. चिखलणीला जुंपलेल्या बैलाचे पाय चिखलात रुततात, आणि बांधीच्या कोपऱ्यात जोडीला जागच्या जागी वळावे लागते. वजनाने हलकी, बुटकी जोडी हे काम निभावते. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीच्या गुरांची पहिली निवड अशी बांधीनेच केली.

दुसरी निवड तणसाने केली. धानाच्या तणसात प्रथिने अगदी थोडी आणि सिलिका भरपूर. उन्हाळ्यात चराई संपली की बहुतेक गुरे त्याच्यावरच निघतात. आधी जगणे, मग वाढणे आणि सर्वांत शेवटी माजावर येणे, हा जनावराच्या शरीराचा क्रम आहे. मोठ्या गाईला नुसते जगायलाच जास्त चारा लागतो. तो कमी पडला की तिची हाडे निघतात आणि माज लांबतो. तेवढ्याच तणसावर लहान गाय गाभण राहते. ज्या गाई व्याल्या त्यांचीच वासरे पुढे आली. अंगाने लहान राहणे आणि वेळेवर विणे हे दोन गुण इथे असे एकत्र टिकले.

पश्चिमेकडे चित्र वेगळे होते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी या पट्ट्यात गवळाऊ घडली: पांढरी, लांब अंगाची, चपळ. मराठा फौजांच्या वाहतुकीसाठी ती जोपासली गेली, असे सांगतात. ज्वारीचा कडबा आणि लांबच्या वाटा यांनी तिथे वेगळा बैल मागितला. पशुपैदाशीच्या ग्रंथांत गवळाऊला मान मिळाला, झाडीपट्टीची गाय मात्र गावठीच राहिली.

ब्रिटिश राजवटीत लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात एक दुष्टचक्र नोंदवले. जिथे गुरे पोसण्याची स्थिती वाईट, तिथे ती संख्येने जास्त. गाई कमी वितात, वासरे खुरटतात, आणि कामाचा बैल मिळावा म्हणून शेतकरी आणखी गुरे वाढवतो. हे निरीक्षण खरे होते. पण सगळे खुरटणे उपासमारीचे नसते. त्यातले काही पिढ्यांच्या निवडीतून रक्तात उतरलेले असते, आणि ते मोडले तर जनावर उघडे पडते.

स्वातंत्र्यानंतर संकराचा काळ आला. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली आणि जर्सी, होल्स्टीन वळूंचे वीर्य खेड्यांच्या गोठ्यांपर्यंत पोहोचले. हिरवा चारा आणि दुधाची बाजारपेठ असलेल्या भागांत त्याने घरे उभी केली. तणसावरच्या गोठ्यात तेच रक्त अडखळते. दमट उन्हाळ्यात संकरित गाय धापा टाकते, खाणे कमी करते आणि गाभ न धरता उलटते.

ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ फाल्कनर यांनी 1952 मध्ये याचे सूत्र मांडले: एकच गुण दोन परिस्थितींत मोजला तर ते दोन वेगळे गुण समजावेत. पुढे अमेरिकेत थंड मोंटाना आणि उष्ण फ्लोरिडा इथल्या हेरफर्ड मांसगुरांच्या कळपांची अदलाबदल करून पाहिली गेली. जात तीच, तरी वासरांची वाढ आणि गाभण राहणे, दोन्हींत आपापल्या ठिकाणचे कळप सरस ठरले. फार्मवर खुराक घालून निवडलेल्या वळूच्या मुली तणसावरही तशाच निघतील, हा भरवसा त्यामुळेच धरता येत नाही.

याच झाडीपट्टीतल्या कठाणी गाईला या दशकात स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली. धानाच्या दलदलीत राबण्याची तिच्या बैलांची ताकद ही तिची ओळख. पण चिखलणी आता ट्रॅक्टरकडे गेली आहे. बैलाची गरज घटली की ज्या निवडीने ही गाय टिकवली ती थांबते, आणि जातीचे नाव फक्त कागदावर उरते.

म्हणून फुलचूरसारख्या गावांतल्या गोठ्यांची नोंद आता व्हायला हवी: कालवड कोणत्या वयात पहिल्यांदा व्याली, दोन वेतांत किती महिने गेले, वासरू वर्षाचे होईपर्यंत किती वाढले, आणि हे सगळे कोणत्या चाऱ्यावर. वळू निवडायचा तो अशा नोंदी असलेल्या गाईच्या पोटचा. बांधीने आणि तणसाने शेकडो वर्षे जे काम नकळत केले, ते यापुढे आपल्याला जाणून करावे लागेल.